एकच स्क्रीन, तीही उजवीकडे

४ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. अक्षर ओळखलंत का? जिला तुम्ही बसच्या पुढच्या सीटवर बसवून तिकिटांच्या संपलेल्या गड्ड्या खेळायला द्यायचात आणि 'फुकटी' म्हणायचात, तीच मी. दीड वर्षात आमच्याकडून तुम्हाला एक ओळ नाही, आणि आता लिहितेय ती कामासाठी. रागवायचं तर रागवा, पण पत्र पूर्ण वाचून रागवा.

मला घरी एक गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा आहे. बाबांसाठी. बस चालवायचा एक गेम आहे, त्यात थांबे असतात, प्रवासी चढतात, उशीर झाला की कुरकुरतात. बाबांना गाडीवरून उतरवून डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसभर लोकांच्या विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या बांधतात. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. घरी आले की माझा फोन घेतात आणि कुणीतरी गाडीच्या काचेतून काढलेले रस्त्यांचे व्हिडिओ बघत बसतात. परवा व्हिडिओत वळण आलं, तसा त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला. ब्रेकच्या जागी. मला ते बघवलं नाही.

निवृत्तीनंतर तुम्ही मुलाच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलंत असं कळलं. माझ्याकडे साठ हजार आहेत. त्यात स्टिअरिंग आणि पेडल धरून सगळं बसवायचंय. इथल्या दुकानदाराने दिलेल्या यादीत निम्मे पैसे नुसत्या रंगीत दिव्यांचे आहेत. काय घेऊ आणि कुठे हात आखडता घेऊ, सांगाल?

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून फोन करत नाही. मेसेज नको, फोन बाबांच्या हातात असतो. पत्र माझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवा, कवळ्या बनवायची लॅब, दुसरा मजला. बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही. तुमचं नाव निघालं तरी ते जेवणावरून उठतात. का, ते मी विचारत नाही.

तुमची,
फुकटी


११ फेब्रुवारी

चि. फुकटे,

आशीर्वाद, आणि एक लटका राग.

पत्र पूर्ण वाचलं, आणि रागवायचं राहूनच गेलं. पाकिटाकडे बघून मी एकटाच हसत होतो. सूनबाईने दोनदा येऊन पाहिलं, बाबा ठीक आहेत ना.

तुझा बाप, माझा सारथी, माझ्यावर का चिडलाय ते तू विचारत नाहीस, पण मी सांगतो. डेपोच्या डॉक्टरकडे कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली, यांची नजर तपासा म्हणून. ती मी टाकली असं त्याच्या डोक्यात बसलंय. बावीस वर्षं मी त्याच्या गाडीवर कंडक्टर, त्याचा 'मास्तर'. पुढच्या दारातून रस्ता बघणारा दुसरा कोण? डॉक्टरने मलाही बोलावून ती चिठ्ठी दाखवली होती. टाइप केलेली, खाली सही नाही. मी म्हटलं, माझी नाही. सारथ्यालाही तेच सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निवृत्तीच्या दिवशी माझ्या हारात त्याचं फूल नव्हतं. असो.

आता कामाचं बोलू. दिव्यांवर एक पैसाही घालवायचा नाही. प्रोसेसर एक पिढी जुना, सहा कोअरचा पुरे, आणि त्याच्याबरोबर डब्यात येतो तोच पंखा लाव. मदरबोर्डला तो प्रोसेसर बसतो ना, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घे, नाहीतर ऐनवेळी तो खांदे उडवेल. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच पट्टी म्हणजे दुपदरी रस्त्याची एक बाजू बंद ठेवणं. सगळ्यात जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात जातात, आणि नवं आपल्याला झेपणार नाही. माझ्याकडे एक वापरलेलं आलंय. पंखे बदलून आठ दिवस तापवून बघितलं, कुरकुर नाही. चौदा हजारात देतो, त्यात माझी मजुरी धरायची नाही, घासाघीसही करायची नाही. पॉवर सप्लायमध्ये मात्र कंजूषी केलीस तर कान उपटीन. स्वस्तातला पॉवर सप्लाय जातो तेव्हा एकटा जात नाही, शेजारपाजारच्यांनाही घेऊन जातो.

स्टिअरिंग अडीच वळसे फिरणारं बघ, जुनं चालेल. शर्यतीच्या गाड्यांचं असतं ते पाऊण वळशात अडकतं. त्याला सारथी हातही लावणार नाही.

आणि स्क्रीन एक नको, तीन घे. ऑफिसांनी काढून टाकलेल्या चोवीस इंची मातीमोलाने मिळतात. मधे समोरची काच, दोन्ही अंगांना खिडक्या नि आरसे. बसवाल्याला बाजू दिसायला हव्यात. टेबलाचं माप कळव, म्हणजे कशा लावायच्या त्याचं चित्र काढून पाठवतो.

तुझा,
काका


२० फेब्रुवारी

ती. काका,

यादी मिळाली. लॅबमध्ये कवळीचं मेण थंड व्हायला ठेवायचं आणि तेवढ्यात तुमच्या यादीवर खुणा करायच्या, असं चाललंय. आमच्या बाई म्हणाल्या, हे कुठल्या पेशंटचे दात?

प्रोसेसर घेतला, बोर्ड घेतला. दुकानदाराने बिलावर लिहून द्यायला काचकूच केली, मग तुमचं नाव न घेता तुमचाच आवाज काढला. दिलं. स्टिअरिंग एका माणसाकडून मिळालं, त्याला मूल झालंय आणि बायकोने जागा मागितलीय. बरोबर अडीच वळसे.

कार्ड पाठवा, पैसे उद्याच टाकते.

स्क्रीन मात्र तीन नकोत, एकच. टेबल चार फुटी आहे, जागा नाही. ती एकसुद्धा मी मधोमध नाही, जरा उजवीकडे लावणार आहे. डावीकडे काही ठेवलं की बाबांचा धक्का लागतोच. त्यांचा चहासुद्धा मी उजव्या हाताशी ठेवते, तुमच्या धाकटीचं लग्न झालं तेव्हापासून. तिला आम्ही कपांचा सेट दिला होता ना, तसाच एक आमच्यासाठीही आणला होता. महिन्याभरात त्यातले तीन गेले. गेममध्ये डावा आरसा उचलून उजवीकडे आणता येतो का, तेवढं बघून सांगाल?

त्या चिठ्ठीचं वाचून फार वाईट वाटलं. कोण करतं असं, आणि का?

तुमची,
फुकटी


२ मार्च

चि. फुकटे,

कार्ड वेगळ्या खोक्यात पाठवलंय. बसवताना खाच लागल्याचा 'कट्' आवाज आला पाहिजे. आरसा हलवता येतो, सेटिंगमध्ये 'आरसे' म्हणून आहे.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय. गोलगोल लिहायला गेलो की माझंच मला खोटं वाटतं, म्हणून सरळ लिहितो.

माझ्या धाकटीचं लग्न आणि सारथ्याची तपासणी, यात दहा महिने आहेत. कंडक्टरचं गणित आहे, पोरी, चुकायचं नाही. डॉक्टरने सांगेपर्यंत सारथ्याला स्वतःला काही माहीत नव्हतं. कधीतरी मेंदूत बारीकसा झटका येऊन गेला आणि डोळे ठणठणीत असून डावीकडचा तुकडा दिसेनासा झाला, हे त्या दिवशी त्याला कळलं. पटलं नाही ते सोड. डेपोच्या कागदावर नुसतं 'नजर अयोग्य' होतं. पण चिठ्ठीत 'डावीकडची नजर तपासा' असं होतं. मी तेव्हापासून विचार करत होतो, डावीकडचं कुणाला माहीत असेल. कप ठेवणाऱ्याला माहीत असणार, हे डोक्यात आलं नाही.

तुला मी काही विचारत नाही. माझं सांगतो.

मला माहीत होतं. शेवटचं सबंध वर्ष. एकदा थांब्यावर तो डावीकडच्या खांबाला इतका चिकटून गेला की मी दारातला हात आत ओढला, आणि त्याने मान वळवून पाहिलंही नाही. त्या दिवसापासून तिकिटं फाडून झाली की मी दारातच उभा राहायचो. 'डावीकडे सायकल', 'डावीकडे म्हातारा', 'चल, मोकळं आहे'. त्याला वाटायचं, मास्तर म्हातारपणी बडबड्या झाला. त्याची नोकरी वाचवतोय या विचाराने मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर शूर वाटायचं. रोज चारशे-पाचशे माणसं त्या गाडीत बसायची आणि रस्त्यावरची वेगळी. चिठ्ठी आली तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. माझ्यानंतर दारात कोण उभं राहणार, हा विचार यायचा, आणि मी तो झटकून पुढचं तिकीट फाडायचो.

चिठ्ठी ज्याने कुणी लिहिली त्याने माझं काम केलं. म्हणून मी सारथ्याशी जास्त भांडलो नाही. चिठ्ठी माझी नव्हती, पण राग माझ्या वाट्याचाच होता.

कार्ड मिळाल्याचं कळव.

काका


२३ मार्च

ती. काका,

कार्ड केव्हाच मिळालं. तुमचं पत्र लॅबच्या ड्रॉवरमध्ये होतं. रोज उघडायची, एक पान वाचायची आणि परत ठेवायची.

आधी मशीनचं सांगते, ते सोपं आहे. बाबा कामावर असताना, दोन आठवड्यांमागच्या शनिवारी सगळं जोडलं. कवळ्यांमुळे हात बारीक कामाला बसलेत, स्क्रू एकही पडला नाही. 'कट्' आवाजही आला. बटण दाबलं तर ढिम्म. सगळं उकललं, परत जोडलं, ढिम्म. साठ हजार पाण्यात गेले म्हणून जमिनीवर बसून रडले. मग दिसलं, पॉवर सप्लायला मागे वेगळा खटका असतो, तो बंदच होता. हसा.

ती चिठ्ठी मी लिहिली, काका. लॅबच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. 'कोण करतं असं' हेही मीच तुम्हाला लिहिलं. ते मी एका दमात लिहून टाकलं, याची मला आता जास्त लाज वाटते.

कप फुटायचे, दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायचा. मला वाटायचं वय झालं. मग एक दिवस मी त्यांच्याच बसने कामावरून आले. एक बाई कडेने चालली होती, हातात संत्र्यांची पिशवी. बसने ती पिशवी ओढून नेली. बाई भिंतीला आपटली, संत्री चाकाखाली. बाबांचं लक्षच नव्हतं, ते शीळ घालत होते. मी मागे वळून पाहिलं तर बाई उभी राहिली होती, एवढं दिसलं. त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. तुमच्या जागी आलेला माणूस मागे बसून नोटा लावत होता. त्याचा अर्थ मला तुमचं पत्र वाचून आत्ता कळला.

बाबांना तोंडावर सांगायला हवं होतं. दोनदा सांगायला गेलेही. एकदा ते गणवेशाला इस्त्री करत होते, एकदा जेवत होते. त्यांनी गाडीचा विषय काढला आणि चेहरा असा खुलला की मी मीठ आणायला उठले. चिठ्ठी टाकली तेव्हा वाटलं, सुटले. मग त्यांनी तुमचं नाव घेतलं, आणि मी गप्प बसले. पहिल्या दिवशी भीतीने. दुसऱ्या दिवशी, काल बोलले नाही म्हणून. मग दीड वर्ष तसंच.

ते रोज संध्याकाळी तासभर बस चालवतात. पहिल्या दिवशी आंघोळ करून, केस विंचरून बसले. स्टिअरिंग लहान आहे म्हणाले, आणि गाडी काढली. तासाभराने माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी आई गेली तेव्हा ठेवला होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

अजून एक आहे. गेममध्ये रस्त्यावरची माणसं आणि गाड्या बंद करायचं बटण आहे. मी ते बंद केलंय. थांब्यावर प्रवासी असतात, रस्ता सगळा रिकामा. बाबा म्हणाले, 'पहाटेच्या पहिल्या फेरीसारखं वाटतं.' आता रोज म्हणतात, 'एवढ्या फेऱ्या झाल्या, एक ओरखडा नाही. मास्तरला बोलवा, बघू दे माझी नजर.'

काय करू सांगा.

फुकटी


३० मार्च

चि. फुकटे,

काही करू नकोस.

तुझ्या घरात दोनच माणसं आहेत. त्यातलं एक दुसऱ्याशी बोलेनासं झालं तर घर राहत नाही. मी इथे लांब आहे, सून आहे, नातवंडं आहेत, दुकान आहे. मला त्याच्या रागाची सवय झालीय. आहे तसं राहू दे. दीड वर्ष मी वाहिलं, आणखी वाहीन.

माणसं बंदच राहू देत. मी त्याला खऱ्या रस्त्यावर वर्षभर फसवून चालवू दिलं. हा तर खेळ आहे, यात कुणाची पिशवी ओढली जात नाही.

त्या बाईचं मात्र डोळ्यांपुढून जात नाही. मी रजेवर कशाला होतो ते आठवतंय. दाढ काढायला गेलो होतो.

काका


७ एप्रिल

ती. काका,

तुमचं ऐकलं नाही. मी बाबांना सांगितलं.

रविवारी त्यांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं. डेपोला अर्ज लिहायचा होता. पुन्हा तपासणी घ्या, आणि ज्या कंडक्टरने आकसाने खोटी चिठ्ठी दिली त्याच्यावर कारवाई करून त्याचं पेन्शन अडवा. त्यांचं अक्षर वाचता येत नाही म्हणून माझ्याकडून लिहून घ्यायचं. ते सांगत होते, मी लिहीत होते. 'आकसाने' लिहिलं. 'सदर कंडक्टर' लिहिलं. मग तुमचं नाव लिहायचं आलं.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, चिठ्ठी मास्तरकाकांनी नाही टाकली. मी टाकली."

ते म्हणाले, "लिही पुढे."

मी परत सांगितलं. बसमधलं, बाईचं, संत्र्यांचं, सगळं. तुमचंही सांगितलं, दारात उभं राहून काय करायचात ते. तुम्हाला न विचारता सांगितलं, माफ करा. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाले, "बाई दिसली नाही असं होईलच कसं? रस्ता तर मला सगळा दिसतो."

मग कॉम्प्युटरपाशी गेले. पाठमोरे उभे राहून विचारलं, "यात माणसं का नाहीत?"

मी बटण दाखवलं. ते त्यांनी स्वतः दाबलं आणि मला म्हणाले, "तू बाहेर जा."

त्याला दोन दिवस झाले. ते जेवतात, कामावर जातात, खोलीचं दार लावून घेतात. आतून स्टिअरिंगचा आवाज येतो. माझ्याशी एक शब्द नाही. तुम्ही म्हणालात तसंच झालं. पण तुमचं नाव माझ्या हाताने त्या अर्जावर लिहिणं मला जमलं नसतं.

तुमची,
फुकटी


१६ एप्रिल

मास्तर,

मला पत्र लिहायची सवय नाही आणि अक्षर तुला माहीत आहे. सावकाश वाच.

पोरीने सगळं सांगितलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. दार लावून गेममध्ये माणसं चालू केली. चौथ्या थांब्यापुढे गाडी आपोआप थांबली आणि स्क्रीनवर आलं, अपघात. मला वाटलं मशीन बिघडलं, रस्ता तर रिकामा होता. त्यात झालेलं परत बघायची सोय आहे, बाहेरून. ते लावलं. दप्तर घेतलेली एक मुलगी डाव्या कडेने चालली होती. मधेच आडवी आली नव्हती. शंभर पावलं आधीपासून माझ्या काचेसमोर होती. मी पाच वेळा बघितलं. मग डोकं डावीकडे वळवून बघितलं तर दिसली. सरळ बघितलं की नाही. तिथे काळं दिसत नाही, भोक दिसत नाही. रस्ता सगळा आहे असंच वाटतं.

त्यानंतर रोज चालवली. बारा फेऱ्या. नऊमध्ये कुणी ना कुणी गेलं. बटण दाबलं की रस्ता पुन्हा स्वच्छ होतो. मी तासन्‌तास तिथे बसून खऱ्या रस्त्याचे थांबे आठवत राहिलो. त्या संत्रीवाल्या बाईचा थांबा कुठला, तेही पोरीला विचारायची हिंमत होत नाही. त्या शेवटच्या वर्षात तू किती दिवस रजा घेतलीस, ते मी मोजलं. अकरा निघाले. त्या अकरा दिवसांत काय काय झालं असेल, मला कधीच कळणार नाही.

तू सांगायला हवं होतंस. बावीस वर्षांचा माणूस तू. पण तू सांगितलं असतंस तर मी तुला गाडीतून खाली उतरवलं असतं, हेही खरं आहे. आणि न सांगताही मी तेच केलं.

सोमवारी डेपोत गेलो. तो अर्धवट अर्ज निघण्याआधीच फाडला होता. जेवणाच्या वेळी कॅन्टीनमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगितलं की चिठ्ठी मास्तरने टाकली नव्हती, मी त्याच्याबद्दल दीड वर्ष जे बोललो ते खोटं होतं. कुणीतरी विचारलं, मग कुणी टाकली? मी म्हटलं, माझ्या मुलीने टाकली आणि चांगलं केलं.

पन्नास माणसांपुढे ते तोंडातून निघालं. घरी येऊन तिच्यापुढे निघत नाही. काल दोनदा गेलो. एकदा ती कपडे वाळत घालत होती, एकदा भाजी चिरत होती. मी पाणी पिऊन परत आलो.

नोकरीचं उरलेलं वर्ष खिडकीत बसून काढीन. छत्र्यांचं कामही कुणीतरी करायलाच हवं. तू इकडे ये. शेजारी बसायला खुर्ची आहे.

हे पाकिटात घालत नाही. टेबलावर तिच्या डब्याशेजारी उघडंच ठेवून मी कामावर निघतोय. पोस्टात तीच टाकेल.

तुझा,
सारथी